तुम्ही विचारलंत म्हणून : लॅपटॉपवर चालतं, वर टाकलं की बंद

मी ऐरोलीत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. आमच्या कोपरीच्या सोसायटीत हे कुणाला तरी कळलं आणि तेव्हापासून मार्च उजाडला की इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं मला जिन्यात गाठतात. प्रश्न ठरलेला. "काका, प्रोजेक्ट लॅपटॉपवर मस्त चालतो, क्लाउडवर टाकला की बंद. कुठे टाकू?" (दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी दादा होतो.) परवा तळमजल्यावरच्या मुलीने हेच विचारलं, ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर. पनवेल गाडीत उभ्या उभ्या ऐरोली येईपर्यंत जेमतेम दहा मिनिटं मिळाली. तेवढ्यात जे सांगून झालं नाही ते इथे लिहितो.

"कुठे टाकू" यावर मी फार वेळ घालवत नाही. पूर्वी सगळे हेरोकू नावाच्या सेवेवर टाकायचे, कारण फुकट होतं. २८ नोव्हेंबर २०२२ पासून ते फुकट बंद झालं. आता रेंडर आहे, रेल्वे नावाचीही एक सेवा आहे (आपल्या लोकलशी तिचा काही संबंध नाही), नाहीतर ॲमेझॉन-गूगलचं भाड्याचं मशीन आहेच. फुकटातलं घेतलंत तर पंधराएक मिनिटं कुणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपी जातो आणि पुढचा माणूस तो उठेपर्यंत मिनिटभर ताटकळतो. समोर बाहेरचे परीक्षक बसलेले असतील तर ते मिनिट फार लांबतं, म्हणून व्हायव्हाच्या आधी एकदा उघडून ठेवा. बाकी कुठेही टाका.

मला प्रश्नाचा पहिला अर्धा भाग महत्त्वाचा वाटतो. "लॅपटॉपवर चालतो." म्हणजे लॅपटॉप तुमची बरीच कामं न सांगता करत असतो आणि तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. मलाही नव्हता. तो लागला मामीच्या डब्यांमुळे.

मामीचं नौपाड्यात पोळीभाजी केंद्र आहे. दुकानातली विक्री वेगळी, शिवाय अडतीस घरांना रोजचा डबा. त्या धंद्यात जीव खाते ती एकच गोष्ट, खाडा. उद्या कुणाला डबा नको, कुणाला फक्त भाजी हवी, कुणी गावाला गेलंय. हे सगळं रात्री फोनवर येणार आणि मामी ते भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशोबाशेजारी, बारीक अक्षरात लिहिणार. मी म्हटलं, मामी, तुला ॲप करून देतो. गिऱ्हाइकांनी आपला खाडा आपणच टाकायचा, तू सकाळी फक्त यादी बघायची. दोन शनिवार-रविवार बसलो, केलं. फुकटातला झोपाळू सर्व्हर नको म्हणून महिन्याचे थोडे पैसे भरून एका ठिकाणी टाकलं आणि ऐटीत लिंक पाठवली.

चौथ्या दिवशी मामीचा फोन. "अरे, तुझं ते कालचीच यादी दाखवतंय. कुलकर्ण्यांचा खाडा काल होता, आज नाही." मी सकाळी आठला उघडलं तर यादी बरोबर. म्हटलं, मामी, पान रिफ्रेश कर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही मी आठला बघितलं, यादी बरोबर. मला वाटायला लागलं की मामीच काहीतरी जुनं उघडून बसते. चौथ्या दिवशी तिने पाचला फोन करून मला उठवलं. "आत्ता बघ. माझी कणीक मळायची खोळंबली आहे."

बघितलं. कालचीच यादी. फोन हातात घेऊन अंथरुणात बसून राहिलो, दर दोन मिनिटांनी रिफ्रेश. पाच वीस, काल. पाच अठ्ठावीस, काल. पाच एकतीसला यादी आपोआप आजची झाली. साडेपाच! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे सव्वाअकरा असतात. माझा प्रोग्रॅम "आज कोणती तारीख?" हे मशीनला विचारायचा, आणि मशीन इमानदारीत आदला दिवस सांगायचं. लॅपटॉपवर हे कधी दिसलंच नाही, कारण लॅपटॉपचं घड्याळ ठाण्याचं. शिवाय ॲप करणारा माणूस आठला उठणारा आणि वापरणारी बाई पावणेपाचला.

उपाय एका ओळीचा होता. वेळ साठवायची यूटीसीमध्ये, पण "आज" काढताना एशिया/कोलकाता सांगून काढायचा. (मुंबई शोधू नका, भारताची नोंद कोलकात्याच्याच नावाने आहे.) आणि खाड्याच्या तारखेला वेळ चिकटवायचीच नाही, ती नुसती तारीख म्हणून ठेवायची. रात्री अकराला बदल केला, पुश केला (म्हणजे वर पाठवला), डिप्लॉय झाल्याची, म्हणजे नवा कोड चालू झाल्याची, हिरवी खूण बघितली आणि समाधानाने झोपलो.

पहाटे पुन्हा फोन. आता यादी आजची होती, पण रिकामी. खाडे नाहीत, गिऱ्हाइकं नाहीत, अडतीसच्या अडतीस घरं गायब.

डेटाबेस म्हणून मी एसक्यूलाइट वापरलं होतं. चांगलं, भरवशाचं आहे. सगळा डेटा एका फाइलीत राहतो आणि ती फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये पडून असते. लॅपटॉपवर त्यात काही चूक नाही. पण अशा होस्टवर, म्हणजे तुमचं ॲप चालवणाऱ्या सेवेवर, तुम्ही नवा कोड पाठवला की जुनं मशीन दुरुस्त होत नाही. नवीन खोकं उभं राहतं, तुमचा कोड त्यात जातो आणि जुनं खोकं फेकलं जातं. त्या खोक्यात चालता चालता ज्या फाइली लिहिल्या गेल्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या. होस्टच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं, वाचायचं राहिलं ते माझ्याकडून. आठवडाभर सगळं टिकलं, कारण त्या आठवड्यात मी काही पुश केलं नव्हतं आणि सर्व्हर एकदाही रीस्टार्ट झाला नव्हता.

मामी ओरडली नाही. तिने कॅलेंडर बघून डबे भरले. अॅप आल्यावरही ती रोज रात्री कॅलेंडरात लिहीतच होती. मी जरा दुखावल्या आवाजात विचारलं, तर म्हणाली, "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे, सवय."

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तुझा डेटा कुठे राहतो? कोड पुन्हा चढवता येतो, दिवसातून दहा वेळा चढवा. डेटाबेस वेगळ्या घरात हवा, होस्टची तयार पोस्टग्रेस सेवा (पोस्टग्रेस हाही एक डेटाबेसच) किंवा कुणाचीही, पण ॲपच्या खोक्याबाहेर. ॲपने तिचा पत्ता आणि पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (होस्टच्या पानावर वेगळ्या भरून ठेवायच्या नोंदीतून) घ्यायचा, कोडमध्ये लिहायचा नाही. लोकांनी चढवलेल्या फोटोंनाही हेच लागू आहे, ते अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेत तर पुढच्या डिप्लॉयला जातील.

घर वेगळं झालं की लॅपटॉपने लपवलेली पुढची गोष्ट वर येते. लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये तुम्ही महिनाभर हाताने टेबलं वाढवलेली असतात, एखादा कॉलम रात्री दोनला टाकलेला असतो, आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं. नवा डेटाबेस कोरा करकरीत. ॲप चालू होतं, पहिल्या क्लिकला "टेबल अस्तित्वात नाही" म्हणून आडवं पडतं. म्हणून मायग्रेशन फाइली लिहायच्या, म्हणजे टेबलांतला प्रत्येक बदल क्रमाने फाइलीत नोंदायचा. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

जोडण्यांचंही एक आहे. पोस्टग्रेस मुळात एका वेळी शंभर जोडण्या घेतो, स्वस्त प्लॅनवर त्याहून कमी. दर विनंतीला नवी जोडणी उघडून ती मिटायला विसरलात, तर एकट्याने तपासताना काहीच जाणवत नाही आणि वर्गातल्या साठ जणांनी एकदम उघडलं की दारं बंद. पूल वापरा, म्हणजे थोड्याच जोडण्या उघड्या ठेवून त्याच आळीपाळीने वापरायच्या.

आता लोकलहोस्ट. निम्म्या मुलांचा प्रोजेक्ट इथेच पडतो. लोकलहोस्ट म्हणजे "इथे", आणि जो म्हणेल त्याचं "इथे". लॅपटॉपवर ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस सगळे एकाच घरात असतात, म्हणून "इथे" म्हटलं की भागतं. वर टाकल्यावर रिॲक्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये, तो पत्ता तसाच राहिला, तर मामीच्या फोनवरचं ॲप खाड्यांची यादी मामीच्याच फोनकडे मागतं. त्या फोनवर काय असणार? गंमत अशी की तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर ती लाइव्ह लिंक उघडलीत आणि मागे जुना सर्व्हर चालू असला, तर तुम्हाला कधीकधी सगळं सुरळीत दिसतं. वीट (Vite) हे बिल्डचं साधन वापरत असाल तर तो पत्ता बिल्डच्या वेळी, म्हणजे कोड बांधून तयार होताना, फाइलीत कायमचा छापला जातो. होस्टच्या पानावर नंतर नुसता बदलून उपयोग नाही, पुन्हा बिल्ड करावं लागतं. सर्व्हरच्या बाजूलाही हेच: १२७.०.०.१ वर कान लावून बसलेला प्रोग्रॅम बाहेरच्यांची हाक ऐकत नाही. ०.०.०.० वर ऐकायचं, आणि पोर्ट (दाराचा नंबर) आपल्या मनाने ३००० न धरता होस्ट देईल तो घ्यायचा.

फाइलीच्या नावातलं मोठं अक्षर, छोटं अक्षर विंडोजला सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. एवढ्यावरून बिल्ड अडतं. बिल्डच्या नोंदीतली लाल ओळ वाचा, त्यात फाइलीचं नाव असतंच.

पासवर्डची डॉट-ईएनव्ही फाइल चुकून गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) गेली, तर पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पुसून काही होत नाही. जुन्या इतिहासात ती तशीच असते. पासवर्ड बदला, त्याच दिवशी.

गाडीत त्या मुलीने एक चांगला प्रश्न विचारला. रबाळे, महापे या पट्ट्यात इतकी डेटा सेंटरं उभी राहिली आहेत, बिनखिडक्यांच्या भिंती, गच्चीवर थंड करणारी यंत्रं, आवारात डिझेलचे जनरेटर. मग आपला प्रोजेक्ट अमेरिकेत कशाला? खरं आहे. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून चालू आहे आणि जमत असेल तर तोच निवडावा. पण सगळ्या स्वस्त होस्टना मुंबई नसते, तेव्हा सिंगापूर घ्यावं. त्याहून मोठी चूक वेगळीच असते: ॲप सिंगापूरला आणि डेटाबेस व्हर्जिनियाला, कारण फॉर्म भरताना जे आधी निवडलेलं होतं ते तसंच राहिलं. एका फेरीला साधारण दोनशे मिलिसेकंद. तुमच्या पानाने डेटाबेसला एकामागून एक वीस प्रश्न विचारले की झाले चार सेकंद. लॅपटॉपवर हीच फेरी इतकी जवळची असते की वीसच्या जागी दोनशे प्रश्न विचारले तरी सहसा कळत नाही. ॲप आणि डेटाबेस एकाच गावात ठेवा, मग ते गाव कुठलंही असो.

बॅकअपबद्दल मुलं विचारत नाहीत. मी तरी सांगतो, आणि गिटलॅबचं (गिटहबसारखीच कोड ठेवायची सेवा) उदाहरण देतो. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनीअरने दुसऱ्याच सर्व्हरवर आहोत असं समजून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. चूक कळून थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेलं होतं. बॅकअपच्या सोयी एक सोडून अनेक होत्या. पण रोजचा पीजी-डम्प (पोस्टग्रेसमधल्या डेटाची प्रत) निघतच नव्हता, कारण डम्प घेणारं साधन पोस्टग्रेस ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा. डम्प फसल्याच्या मेल जात होत्या, त्या वाटेत नाकारल्या जात होत्या. शेवटी वाचवलं ते सहाएक तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या प्रतीने). कंपनीने हे सगळं स्वतःच उघडपणे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत. मी मामीच्या पोस्टग्रेसचा डम्प दर रविवारी माझ्या लॅपटॉपवर उतरवतो आणि तिथे भरून बघतो. अडतीस घरं मोजतो. आता एकेचाळीस आहेत. मामीचं कॅलेंडर चालूच आहे आणि ते बंद कर असं मी तिला कधी म्हणणार नाही.

ऐरोली आलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, हे सगळं ठीक आहे, पण आज करू काय?" तिचा प्रोजेक्ट ऐंशी टक्के झाला होता आणि वर एकदाही चढला नव्हता. म्हटलं, तो प्रोजेक्ट बाजूला ठेव. नवीन रिकामं ॲप घे, एक टेबल, एक बटण. बटण दाबलं की एक ओळ डेटाबेसमध्ये जावी आणि पानावर दिसावी. एवढंच आज वर टाक, एकदा पुन्हा डिप्लॉय कर आणि ती ओळ टिकते का बघ. मग तुझा प्रोजेक्ट तुकड्यातुकड्याने त्यात आण. दार बंद व्हायच्या आत उतरलो.

रात्री सव्वाअकराला तिची लिंक आली. उघडली. पांढऱ्या पानावर एक बटण होतं आणि खाली एक ओळ, "काका, दोनदा डिप्लॉय केलं, राहिलं." शेजारी नोंदीची वेळ होती, संध्याकाळचे पावणेसहा.