तपासणीत नापास झालेली पद्मिनी: तीन रविवारांची नोंद

6 जानेवारी 2026

माझ्या 1986 च्या प्रीमियर पद्मिनीच्या नोंदणीची मुदत फेब्रुवारीत संपते. खासगी मोटारीची नोंदणी आधी 15 वर्षांची असते आणि नंतर दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आतापर्यंत पाच वेळा गाडी पहिल्याच दिवशी तपासणीतून बाहेर पडली होती, या सहाव्या वेळी मात्र ती नापास झाली. निरीक्षकांनी तीन शेरे लिहिले: ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढते, स्टिअरिंगला खेळ (ढिलेपणा) जास्त आहे आणि चालकाच्या बाजूचा तळाचा पत्रा गंजला आहे. तिन्ही शेरे बरोबर आहेत. पहिले दोन मला ठाऊक होते आणि मी ते पुढे ढकलत आलो होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

आता प्रश्न असा आहे की गाडी दुरुस्त करावी की मोडीत द्यावी. अधिकृत मोडणी केंद्रात गाडी दिली, तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. दुसरीकडे, 20 वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क, जे 2022 पूर्वी 600 रुपये होते, ते आता 10,000 रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. घरच्यांनी हा हिशेब माझ्यापुढे मांडला आणि तो चुकीचा नाही.

11 जानेवारी, रविवार

कोल्हापुरात उद्यमनगरच्या परिसरात ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षे काम करून घेतो, त्या मिस्त्रींकडे गाडी नेली. मी ब्रेकपासून सुरुवात करण्याच्या तयारीत होतो. ते म्हणाले, "दादा, आधी तळ बघूया. तळ गेला असेल तर ब्रेकला घातलेला पैसा वाया जाईल." पुढच्या सगळ्या कामाचा क्रम या एका वाक्याने ठरला.

पद्मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र चौकट, नाही. मूळ फियाट 1100 प्रमाणेच तिची बॉडी आणि तळ मिळून एकच सांगाडा होतो, त्यामुळे दरवाजाखालची पेटीसारखी सिल, तळाचा पत्रा आणि मागच्या कमानपाट्यांचे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर, म्हणजे त्यांना बॉडीशी जोडणारे कंस, जिथे बसतात त्या जागा प्रत्यक्ष भार वाहतात. दरवाजाचा पत्रा सडला तर ती केवळ दिसण्याची बाब असते, परंतु हँगरची जागा सडली तर मागचा अ‍ॅक्सल कशाला धरून आहे हाच प्रश्न उभा राहतो.

आतले रबरी मॅट आणि त्याखालचे तागाचे नमदे काढले. नमदा अजून दमट होता. ही गाडी सात पावसाळे रत्नागिरीत उघड्यावर उभी होती, तिथल्या खाऱ्या हवेचा आणि नमद्यात मुरलेल्या पाण्याचा हा परिणाम आहे. मिस्त्रींनी लहान हातोडीने तळावर पुढून मागे टकटक करत नेले. मधल्या बोगद्याच्या (गिअरबॉक्सवरच्या तळाच्या उंचवट्याच्या) बाजूने आवाज खणखणीत येत होता, पण चालकाच्या टाचेच्या जागी तो एकदम बद्द झाला. तिथे त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि फारसा जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. काळ्या रंगाखाली फायबरची चिंधी आणि लांबीचा (भरण्याच्या पुट्टीचा) बोटभर जाड थर होता, म्हणजे पूर्वी कोणीतरी गंज न काढता वरून झाकून टाकला होता. साधारण दीड फूट लांब आणि एक वीत रुंद इतका तळ, शिवाय सिलची खालची कड गेलेली आहे.

यानंतर मागच्या हँगरपाशी हातोडी वाजवताना मी श्वास रोखून उभा होतो. दोन्ही बाजूंना आवाज स्वच्छ आला. तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला, तेव्हा वरवरचा तांबूस गंज निघाला आणि खाली उजळ लोखंड दिसले. माझ्यापुरता निर्णय त्याच क्षणी झाला. हँगर सडलेले असते तर मी गाडी दुरुस्तीला टाकली नसती, हे मी आधीच ठरवले होते आणि मिस्त्रींना तसे सांगितलेही होते.

18 जानेवारी, रविवार

चाके काढली. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. गाडी डावीकडे ओढत असेल तर पुष्कळदा दोष उजव्या बाजूला असतो, कारण उजवे चाक कमी धरते, आणि इथेही तसेच निघाले: पुढच्या उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारा भाग) पाझरून लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारे अस्तर, तेलाने भिजले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की त्या पाण्याने सिलिंडरला आतून खड्डे पडतात. मी गेली चार वर्षे ते ऑइल बदलले नव्हते. आता चारही चाकांचे सिलिंडर आणि पुढचे लायनर नवीन घालत आहे, ड्रमही लेथवर टर्निंग करून घेतले आहेत.

स्टिअरिंगच्या खेळाचा उगम शोधण्याची एक पद्धत इथे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढचे चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवायचे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचे आणि पुन्हा हलवायचे. खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा समजावा, तसाच राहिला तर बहुधा किंगपिनचा, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिचा. माझ्या गाडीत तो दोन्ही बाजूंना तसाच राहिला. किंगपिनला वेळेवर ग्रीस मिळाले नाही की तिच्याभोवतीचे बुश (धातूच्या नळ्या) लवकर झिजतात.

सुटे भाग मिळवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीचे भाग सहज मिळत असत. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली आणि तेव्हापासून मला प्रत्येक भागासाठी जुन्या व्यापाऱ्यांचे कपाट धुंडाळावे लागते. किंगपिनचा संच अखेर मिळाला, परंतु त्याचे बुश रीमर मारून (आतून बारीक कातून) पिनेच्या मापाला बसवावे लागतील.

प्रदूषण तपासणीची चिंता मिटली. भारत स्टेज 2 या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. चोक (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारी झडप) अर्धवट अडकल्याने आमचा आकडा 4.2 येत होता, सोलेक्स कार्ब्युरेटर उघडून साफ केल्यावर तो 2.1 झाला.

एकूण अंदाज 86,000 रुपयांचा आहे, त्यातले 60,000 एकट्या पत्राकामाचे. विकायला काढली तर गाडीला याच्या निम्मेही मिळणार नाहीत. तरीही मी पुढे जात आहे, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि कमानपाटे मूळचे व निरोगी आहेत आणि जे गेले आहे ते माप घेऊन पुन्हा करता येण्यासारखे आहे. शिवाय 50 वर्षे पूर्ण झालेल्या मोटारींसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद 2021 पासून आहे आणि त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात राहिलेली असावी लागते. माझी गाडी 2036 मध्ये तिथे पोहोचेल, म्हणजे हे धरून दोनच नूतनीकरणे उरली. म्हणूनच तळाला जाड पट्ट्या मारून भागवण्याचा स्वस्त पर्याय मी नाकारला.

25 जानेवारी, रविवार

कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घेतला आणि बॉडीला खालून चार ठिकाणी आधार दिला, कारण सिल कापल्यावर बॉडी वाकली तर दरवाजा पुन्हा कधीच नीट बसत नाही. दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर 5 मिलिमीटर आणि खाली 6 होती, ती खडूने खांबावर लिहून ठेवली. मग सडलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढला आणि 18 गेजचा पत्रा मूळ भागाप्रमाणेच नाळी पाडून बसवला. वेल्डिंग मिगने (वायूच्या आवरणात तार वितळवण्याच्या पद्धतीने), एकेका इंचाचे टाके अंतराअंतराने घेत केले, जेणेकरून उष्णतेने पत्रा ओढला जाणार नाही.

संध्याकाळी पाइप कापला आणि दरवाजा लावून पाहिला. फट वर 5, खाली 6. सिलच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारायचे आहे आणि उजव्या किंगपिनचे बुश लेथवाल्यांकडून बुधवारी येतील. फेरतपासणीची वेळ 9 फेब्रुवारीची घेतली आहे.