‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे

इंग्रजी ‘रन’ या क्रियापदाचा अर्थ ‘धावणे’ एवढाच पाठ केला, की भाषांतर फसतं. आधी कर्ता बघा. माणूस धावतो, नळ किंवा नाक असेल तर ते वाहतं, कपड्याचा रंग असेल तर तो जातो. मग कर्म आहे का ते पाहा. ‘शी रन्स अ स्कूल’मध्ये कर्म आहे, म्हणून ती शाळा चालवते. ‘फॉर’ जोडून एखादं अधिकारपद आलं, उदाहरणार्थ ‘रन फॉर मेयर’, तर निवडणूक लढवणं.

खरी गंमत पुढच्या छोट्या शब्दात आहे. ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडी धावत चढला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवलं. वाक्यं दिसायला सारखीच, पण नामाऐवजी ‘इट’ घालून बघा. बिलासाठी ‘रॅन इट अप’ चालतं. टेकडीसाठी ‘रॅन अप इट’च म्हणावं लागतं, कारण तिथे ‘अप’ टेकडीशी बांधलेलं आहे, क्रियापदाशी नाही. ही कसोटी मला कोणत्याही यादीपेक्षा भरवशाची वाटते.

‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’मध्ये इंग्रजीत कर्ता ‘आम्ही’, मराठीत मात्र दूध: ‘आमच्याकडचं दूध संपलं’. इथे शब्दाला शब्द ठेवला की वाक्य मोडलंच.

रूपांचंही भान ठेवा: रन, रॅन, रन. ‘हॅव’नंतर ‘रॅन’ नाही, ‘रन’च येतं.