जवसाचे जेल घरी करताना: माझा अनुभव

जवसाचे जेल करण्याची कृती दोन ओळींत सांगता येते, पण ते केसांना लावण्याजोगे होईल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते: पातेले आचेवरून कधी उतरवले आणि गाळले कसे. माझे केस दाट आणि घट्ट कुरळे आहेत, धाकट्या भावाने लॉक्स, म्हणजे केस पिळून-गुंतवून केलेल्या दोरीसारख्या जटा, राखले आहेत आणि आम्हा दोघांसाठी लागणारे जेल आता मीच करते. विकतच्या काही जेलच्या उग्र वासाच्या द्रव्यांनी माझी टाळू चुरचुरत असे, तर काहींचा थर भावाच्या लॉक्समध्ये आतवर साचून राहत असे, म्हणून मी या कामाकडे वळले. ही युक्ती तशी जुनी आहे. 1920 आणि 1930 च्या दशकांत केसांना बोटांनी लाटा पाडण्याची जी फॅशन होती, तिच्यासाठीही जवस उकळून काढलेला चिकट द्रव वापरला जाई. पुढे केस सरळ करणारी रसायने सोडून आपले नैसर्गिक केस राखणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी ती पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रचारात आणली आणि एकमेकींना शिकवली. माझ्यासारख्या अनेकजणींना तिचा आज जो उपयोग होतो, त्याचे श्रेय त्यांचेच आहे.

जवसाच्या दाण्याच्या बाहेरच्या सालीत म्युसिलेज नावाचा चिकट पदार्थ असतो. तो लांब साखळीच्या शर्करांचा बनलेला असतो आणि पाणी लागताच फुगून बाहेर येतो, गरम पाण्यात तर फारच लवकर. केसांवर वाळताना याच पदार्थाचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो कुरळ्या बटांना एकत्र धरून ठेवतो. जवसातले ओमेगा-3 या जेलमधून केसांना मिळते, असे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. तेल दाण्याच्या आत असते, आपण दाणे अख्खे उकळतो आणि गाळून बाजूला काढतो, त्यामुळे जेलमध्ये जवळजवळ सगळे पाणी आणि थोडे म्युसिलेज उरते. या जेलने केस वाढत नाहीत. ते केस बसवते, आणि ते काम उत्तम करते, एवढे मला पुरेसे वाटते.

माझे प्रमाण पाव कप अख्खे जवस आणि 2 कप पाणी असे आहे. जवसाची पूड मात्र घेऊ नये, कारण तिचे बारीक कण कोणत्याही कापडातून सुटून जेलमध्ये उतरतात आणि तेलही मोकळे होऊन जेलला खवट वास येऊ लागतो. दाणे रात्रभर भिजवून ठेवले तर उकळण्याचा वेळ कमी होतो. भिजवलेले पाणी फेकायचे नाही, त्यातच बराच ऐवज उतरलेला असतो.

पातेले मध्यम आचेवर ठेवले की सुरुवातीला काहीच घडत नाही. दाणे तळाशी बसून राहतात आणि ढवळले नाही तर तिथेच चिकटून करपतात, म्हणून चमचा सतत तळापासून फिरवावा लागतो. पाणी उकळू लागले की पांढरा, दाट फेस येतो आणि बघता बघता काठापर्यंत चढतो, तेव्हा आच लगेच मंद करावी. त्यानंतरची काही मिनिटे डोळे पातेल्यावरच हवेत. तळाशी बसणारे दाणे आता पाण्यात मध्येच तरंगत राहतात, चमच्याबरोबर गोल फिरतात आणि चमचा थांबला तरी क्षणभर फिरत राहतात. चमचा उचलून पाहिला की थेंब तुटून पडत नाही. द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा लांब, पारदर्शक तारेने खाली उतरतो. इथे आच बंद करायची. द्रव अजून पातळच आहे, आणखी थोडे आटू द्यावे, असा मोह हमखास होतो आणि तो आवरावा लागतो, कारण निवताना जेल बरेच घट्ट होते. आचेवरच हवे तेवढे घट्ट होऊ दिले, तर निवल्यावर ते दाण्यांना असे धरून बसते की काही केल्या वेगळे होत नाही.

म्हणूनच गाळणेही गरम असतानाच उरकावे लागते. सैल विणीची गाळणी भावाच्या लॉक्ससाठी चालत नाही, याचे कारण पुढे येईलच. मी नायलॉनचा पातळ, स्वच्छ मोजा रुंद तोंडाच्या बरणीवर ताणून बसवते, त्यात सगळे ओतते आणि वरून गाठ मारते. हात भाजणार नाही इतके निवले की मोजा वरून खाली हलक्या हाताने पिळत आणायचा. जेल मोज्याच्या जाळीतून आधी घामाच्या थेंबांगत बाहेर येते आणि मग एकदम जाड धारेने घसरते. फार जोर लावला तर सालीचे तुकडे जाळीतून निसटतात, तेव्हा शेवटचा घोटभर भाग मोज्यातच राहू द्यावा.

वरून काय घालावे, याबाबत मी फार काटकसरी आहे. लिंबाचा रस घातल्याने जेल टिकते असे म्हणतात, पण आम्लामुळे म्युसिलेजचा घट्टपणा कमी होतो आणि जेल पातळ पडते. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवते, पाण्यातल्या बुरशी-जिवाणूंवर त्याचा इलाज चालत नाही. सुवासिक तेलांचे चार थेंबही त्या कामाचे नाहीत. हे जेल नाशवंत आहे हे मान्य करून मी थोडेच करते, फ्रीजमध्ये ठेवते, आठवडाभरात संपवते आणि उरलेले बर्फाच्या साच्यात गोठवून लागेल तसे काढते. आंबूस वास आला, रंग गढूळ झाला किंवा जेल पाण्यासारखे सुटले, तर ते टाकून द्यावे. पहिल्यांदा वापरणाऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी, कारण जवसाची ॲलर्जी काहींना असते.

माझे केस धुतल्याबरोबर, पाणी निथळत असतानाच मी त्यांना जेल लावते. आधी लीव्ह-इन कंडिशनर (धुऊन न टाकता केसांत तसेच ठेवायचे कंडिशनर) आणि जेल तळहातावर एकत्र चोळून पाहते. पांढरे गोळे किंवा कण दिसले तर ती जोडी जमत नाही आणि वाळल्यावर केसांत कोंड्यासारखी पूड दिसणार हे नक्की. केस पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वाळल्यावर बटा कडक लागतात, तेव्हा तळहातांनी खालून वर हलकेच चुरगाळल्या की पापुद्रा मोडतो आणि बटा मऊ, मोकळ्या, पण आकार धरून राहतात. हवेत दमटपणा फार असेल तर हा पापुद्रा ओलावा ओढून सैल पडतो. त्या दिवसांत माझ्या बटा संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

लॉक्सचे शास्त्र वेगळे आहे. तिथे जेल फक्त मुळाशी, नव्याने वाढलेले केस पीळ देऊन लॉकमध्ये बसवण्यासाठी लागते. सुट्या केसांतून जवसाचा कण कंगव्याने निघतो, पण लॉकच्या गुंत्यात अडकलेला कण निघत नाही, म्हणून भावासाठी मी जेल पुन्हा एकदा कोऱ्या मोज्यातून गाळते आणि थोडे पाणी मिसळून पातळ करते. टाळूचे भाग पाडून, बोटाच्या टोकावर येईल तेवढेच जेल मुळाशी लावायचे, सगळ्या लॉक्सना आधी ज्या दिशेने पीळ आहे त्याच दिशेने पीळ द्यायचा आणि क्लिप लावून सोडायचे. त्यानंतरचे वाळवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. लॉक बाहेरून कोरडा लागला तरी आत ओल असते, ती तशीच बांधून ठेवली की कुबट वास धरतो आणि आत बुरशी येऊ शकते. भाऊ डोक्याला कापड बांधून झोपतो, म्हणून आम्ही हे काम सकाळीच करतो आणि लॉक दोन बोटांत दाबून आतला गारवा गेल्याची खात्री होईपर्यंत त्याला कापड बांधू देत नाही. पुढच्या वेळी धुताना कोमट पाणी मुळांवर भरपूर सोडले आणि बोटांनी नीट दाबले, की जुना थर पुन्हा बुळबुळीत होऊन वाहून जातो. पाणी बुळबुळीत येणे थांबेपर्यंत धूत राहायचे आणि त्यानंतरच शाम्पू लावायचा.