गाठींचा ऑनर: 20 पैकी 14

आमच्या पुण्याच्या पाथफाइंडर क्लबात (सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चचा मुलांचा क्लब) मी फ्रेंड आणि कम्पॅनियन वर्गाची सात मुलं सांभाळतो, म्हणजे 10-11 वर्षांची. पावसाळ्यात गाठींचा ऑनर, म्हणजे कौशल्याचा बिल्ला, घेतलाय. निदान 20 गाठी पुस्तक न बघता बांधता आल्या पाहिजेत; आमच्या 14 झाल्या. शनिवारी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, म्हणून दोऱ्या निघतात रविवारी सकाळी.

बोलाईनपाशी, म्हणजे न सरकणाऱ्या फासाच्या गाठीपाशी, आम्ही फार दिवस अडलो. साप (म्हणजे दोरीचं टोक) बिळातून वर आला, झाडाला वळसा घातला, परत बिळात गेला, हे सगळ्यांना तोंडपाठ, पण गाठ काही बसेना. चूक माझीच होती. मी समोर बसून शिकवायचो, त्यामुळे मुलांना सगळं उलटं दिसायचं. आता मी त्यांच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसतो. एक मुलगी डावखुरी आहे, तिला मात्र मुद्दाम समोर बसवलं, आरशात बघावं तसं. पाच मिनिटांत तिची बोलाईन तयार! तुमच्याकडे डावखुरी मुलं असतील तर हे जरूर करून बघा.

दोऱ्याही बदलल्या. नायलॉनची गुळगुळीत दोरी शिकायला वाईट, गाठ धरतच नाही. आता दोन रंगांची सुती दोरी वापरतो. रीफ नॉट (दोन टोकं जोडायची सपाट गाठ) बरोबर असेल तर लाल दोरीचे दोन्ही पदर फासातून एकाच बाजूने जोडीने बाहेर येतात. मुलं हे स्वतःच तपासतात, मला विचारावं लागत नाही.

मुक्कामी शिबिरात ताडपत्री नायलॉनच्याच दोऱ्यांनी ताणली होती. नायलॉन भिजलं की सैल पडतं, तेव्हा टॉट-लाइन हिच ही गाठ सरकवून ताण परत आणता येतो. मुलांनी ते भर पावसात केलं, फार छान केलं.

त्याच रात्री सगळे झोपायच्या तयारीत असताना सर्वात लहान मुलगा माझ्याकडे आला. "दादा, कोपऱ्यातल्या दोन दोऱ्या मी जोडल्यात. जाड-बारीक आहेत, शीट बेंड हवी होती. मला आठवली नाही, म्हणून मी नुसत्या दोन गाठी मारल्या." ताडपत्री नीट उभी होती, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आपल्या पाथफाइंडर नियमाच्या आठ कलमांत आपला वाटा प्रामाणिकपणे उचलायचं कलम आहे. दर सभेला आम्ही ते एका सुरात म्हणतो, पण मला ते खरं ऐकू आलं त्या रात्री. मी टॉर्च धरला, त्याने ओल्या हातांनी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. मग पावसातच उभं राहून आम्ही दोघांनी प्रार्थना केली.

सकाळच्या भक्तीला उपदेशक 4:12 वाचलं, तीनपदरी दोरीचं वचन.

सहा गाठी राहिल्यात, त्यांत शीपशँक अवघड जाणार असं दिसतंय. बांधलेल्या गाठी लावायच्या बोर्डासाठी प्लायवुड मिळालंय, अजून पॉलिशपेपर मारायचाय. शीट बेंडची जागा त्या मुलासाठी राखून ठेवली आहे.