आज पाचव्या अध्यायात

रविवार, रात्र

बायबलमधलं, प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, सतरावं वचन. मागच्या रविवारी सोळाव्यावर थांबलो होतो, म्हणून आज सतरावं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशाचा विषय असाच ठरतो. एकदा पुस्तक उघडलं की शेवटच्या वचनापर्यंत सोडायचं नाही.

आजचा भाग पाळकांसाठीच, म्हणजे उपदेश करणाऱ्या आमच्या धर्मगुरूंसाठीच, अवघड होता. शिक्षण देण्यात श्रम करणारे वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, दुप्पट मानाला योग्य, असं पौल लिहितो, आणि लगेच मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका हा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम पुढे करतो. म्हणजे सरळ मानधनाचीच गोष्ट, आणि ते देणारे समोरच बसलेले. त्यापुढची वचनं तर आणखी कठीण: वडिलांवरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय ऐकू नये, पण पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमोर दोष दाखवावा. पाळकांनी आवाज न बदलता सगळं वाचलं आणि म्हणाले, "हे माझ्याविषयी आहे. मी चुकलो तर गप्प बसू नका."

तेव्हापासून मनात तेच चाललंय. आमच्यावर बिशप नाही, सिनड (मंडळ्यांची वरिष्ठ सभा) नाही. अशा स्वतंत्र मंडळीत एकाच माणसाचा शब्द शेवटचा व्हायला वेळ लागत नाही, आणि मंडळ्या त्यापायी फुटतात. पौलाला हे ठाऊक होतं. तीमथ्य होता इफिसात, आणि त्याच इफिसच्या वडिलांना पौलाने मिलेतात बोलावून बजावलं होतं की तुमच्यातूनच विपरीत शिकवणारे उठतील (प्रेषितांची कृत्ये 20). बिरुया शहरातले लोक तर पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात तपासून पाहत. उपदेश चालू असताना प्रत्येकाच्या मांडीवर बायबल उघडं हवं ते यासाठीच.

प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनला 1538 मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं. 1541 मध्ये तो परतला, व्यासपीठावर चढला आणि जिथे थांबला होता तिथून पुढचं वचन त्याने घेतलं. विरोधकांना झोडपणारं एखादं वचन निवडणं त्याला किती सोपं होतं! निवड शिकवणाऱ्याच्या हाती नसली की ऐकणाऱ्यांना संरक्षण मिळतं, असं मला आज फार प्रकर्षाने वाटलं.

सहाव्या अध्यायाची सुरुवातच दासांविषयीच्या वचनांनी होते. ती आम्हाला वगळता येणार नाहीत, आणि त्यांवर पाळकांना मला बरंच विचारायचं आहे. प्रश्न आजच लिहून ठेवते.