शिलोंड्याची वाट, नवरंग आणि हातातला मोबाईल

जूनचा पाऊस सुरू झाला की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नवरंग पक्षी दिसू लागतो आणि त्याच्या मागोमाग मोबाईल उंचावलेली माणसंही. यंदा उद्यानातल्या शिलोंड्याच्या पायवाटेवर आमच्या गटात खरा वाद झाला तो या मोबाईलवरूनच.

वाट सोपी आहे. ओढे, दगड, दाट झाडी, आणि थोडं आत गेलं की हायवेचा आवाज विरतो. एका वळणावर नवरंग अगदी जवळ दिसला. ओला पालापाचोळा चोचीने उलटायचा, किडा टिपायचा, दोन उड्या मारून पुढचं पान. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळी पट्टी, शेपटीखाली लालभडक. तेवढ्यात गटातल्या एका मुलाने मोबाईलवर त्याचीच शीळ वाजवली. पक्ष्याने खाणं टाकलं, फांदीवर चढला आणि मान मागे टाकून ओरडायला लागला. पुन्हा वाजवली, पुन्हा ओरडला. फोटो सगळ्यांना झकास मिळाले.

गाईडदादांनी मोबाईल बंद करायला लावला. म्हणाले, "त्याला वाटतंय दुसरा नर हद्दीत शिरलाय. विणीचे दिवस आहेत. त्याने घरटं बघायचं की तुमच्या फोनशी भांडायचं?"

मग जुंपलीच. एका काकांचं म्हणणं, मोबाईल गेटवरच जमा करून घ्या. ताडोब्यात २०१८पासून सफारीत मोबाईल न्यायला बंदी आहे, मग इथे का नको? लेकीला घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या, "इथे आपण जिप्सीत बसलेलो नाही काका, पायी चालतोय. पाय मुरगळला तर कुणाला हाक मारू?"

मला ताईंचं पटलं. हे जंगल मुंबईच्या पोटात आहे, जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, तिन्ही बाजूंनी इमारती आणि आत बिबटे. फोन जवळ असावाच. पण जंगलात त्याचा आवाज निघता कामा नये, यावर तडजोड नको. स्पीकरवरची गाणी, शीळ वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं, घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकणं, हे तिन्ही बंद व्हायला हवं. त्यातही लोकेशनचा मला सर्वांत जास्त राग येतो. वाजवलेली शीळ थांबवता येते, पण पसरलेलं लोकेशन मागे घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली गर्दी उभी.

जाणार असाल तर: उद्यान सोमवारी बंद असतं. बोरिवली पूर्वेला उतरा, गेट स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. शिलोंड्याला मनाला येईल तेव्हा घुसता येत नाही. आधी निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करून परवानगी आणि गाईड ठरवा, जोराच्या पावसात वाट बंदही ठेवतात. सकाळी लवकर पोहोचा, नवरंग पहाटे आणि संध्याकाळी जास्त बोलतो. पूर्ण बाह्यांचा मळखाऊ रंगाचा शर्ट आणि पकड असलेले बूट हवेत, ओढ्यातले दगड शेवाळलेले असतात. थोडी रोख ठेवा.

पक्षी ओळखायला मर्लिन हे अ‍ॅप वापरत असाल तर आपल्या भागाचा पॅक घरूनच डाउनलोड करा. आवाज टिपून ओळखण्याचं काम ते नेटशिवायही करतं, म्हणजे फोन फ्लाईट मोडवर ठेवता येतो. त्यातले नमुन्याचे आवाज घरी ऐका, वाटेवर नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. वन विभागाची हेल्पलाईन १९२६ सेव्ह करून ठेवा, आणि आत नेटवर्क जातं-येतं, तेव्हा किती वाजता परतणार ते घरी सांगूनच निघा.

वाट संपवून आल्यावर पायांत दम असेल तर कान्हेरीला जा. तिथलं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि गेटपासून अंतर बरंच आहे, म्हणून चालत न जाता बस बघा. लेण्यांपाशी माकडं फार, हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका.