सायकलच्या फ्रेमला रंग: पावडर कोटिंग की स्प्रे?

फ्रेम स्टीलची असेल तर फार विचार नको, पावडर कोटिंगच करा, म्हणजे रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजणं. भट्टी साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसची, म्हणून कार्बन फ्रेम तिथे चुकूनही देऊ नका. कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पेडलचा अक्ष बसतो त्या भागाचे, आटे झाकायला आठवणीने सांगा, नाहीतर त्यात बसणारा बेअरिंगचा कप फिरतच नाही.

स्प्रे कॅनमध्ये खरी मेहनत घासण्याची. आधी 320 चा पॉलिश पेपर, मग 400. पुसल्यावर उघडा हात लावू नका. प्रायमरचे 2, रंगाचे 3-4 पातळ हात. ओघळ हमखास बॉटम ब्रॅकेटपाशी येतात, कारण नळ्या तिथे जुळतात आणि प्रत्येक बाजूने मारलेला रंग त्याच खाचेत साठतो. ते सांधे आधी उरका, नळ्या नंतर. क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) हाताला सुकलेला वाटला तरी आठवडाभर क्लॅम्प आवळू नका, ठसा उमटतो.